डिग्री नाही म्हणून नोकरी नाकारली, त्याच माणसाच्या नावाचा पक्षी पुढं गाण्यावरून सापडला

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात रोहणा नावाचं गाव आहे. पुलगाव ते आर्वी अशी जी जुनी नॅरोगेज रेल्वे होती, ती या गावावरून जायची. आजूबाजूला कापूस, सोयाबीन आणि तूर.

मे संपत आला, मृग जवळ आला की इथल्या शिवारात पहाटे एक आवाज हमखास येतो. पेरते व्हा, पेरते व्हा, पेरते व्हा. आवाज दरवेळी एकेक पट्टी वर चढतो, टोकाला जातो आणि एकदम तुटतो. जरा वेळानं पुन्हा पहिल्यापासून.

कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तो वर न बघता सांगेल की पावशा आला.

पण हा पावशा दिसतो कसा, असं विचारलं की भलेभले गडबडतात. कारण पावशा झाडाच्या गच्च पानांत बसून ओरडतो. चुकून दिसलाच, तरी राखाडी पाठ आणि शेपटीवरचे पट्टे बघून बघणाऱ्याला तो शिकराच वाटतो. शिकरा म्हणजे शिकारी पक्षी, आणि पावशा म्हणजे कोकिळेच्या घराण्यातला, सातभाईच्या घरट्यात आपली अंडी घालणारा. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. डोळे इथं फसतात, कान फसत नाहीत.

गावातल्या माणसाला हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. पक्ष्यांवर मोठमोठे ग्रंथ लिहिणाऱ्या शास्त्रज्ञांना मात्र ते पुरतं पटायला बराच वेळ गेला. आणि भारतात या दोन गोष्टींमधलं अंतर ज्यानं कमी केलं, त्या माणसाकडं पक्षिशास्त्राची साधी डिग्रीसुद्धा नव्हती.

त्या माणसाचं नाव सलीम अली.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईतल्या सुलेमानी बोहरा कुटुंबातला. भावंडांत सगळ्यात धाकटे. एक वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली.

या पोरक्या पोरांना सांभाळलं ते मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमिदा बेगम यांनी. त्यांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं. गिरगावातल्या खेतवाडीत त्यांचं घर होतं आणि ते भाचरांनी भरलेलं असायचं. स्वातंत्र्यलढ्यात गांधीजींसोबत असलेले अब्बास तय्यबजी हेही याच घराण्यातले.

मामांना शिकारीचा नाद होता. त्यांनी भाच्याला छऱ्यांची एक छोटी बंदूक दिली होती. त्या काळी चांगल्या घरातल्या पोरांना अशी बंदूक मिळणं आणि त्यांनी चिमण्या टिपणं यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

एक दिवस सलीमनं अशीच एक चिमणी पाडली. हातात घेऊन बघितली तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. ही नेहमीची चिमणी नव्हती. मग ही खायला चालते की नाही, असा प्रश्न पोराला पडला आणि तो मामांकडं गेला.

मामांनाही उत्तर माहीत नव्हतं. पण ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सभासद होते. त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन थेट सोसायटीचे सेक्रेटरी डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडं पाठवलं.

ही सोसायटी म्हणजे काय, तर १८८३ साली मुंबईतल्या आठ निसर्गप्रेमींनी एकत्र येऊन काढलेली संस्था. त्यातले सहा जण युरोपियन होते आणि दोघे आपले. एक प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि दुसरे डॉ. सखाराम अर्जुन.

दहाएक वर्षांचं पोर मेलेली चिमणी कागदात गुंडाळून या साहेबापुढं उभं राहिलं. साहेबानं चिमणी बघितली, ती पीतकंठी चिमणी असल्याचं सांगितलं. मग एकेक कपाट उघडून आत ठेवलेले शेकडो पक्षी दाखवले.

त्या कपाटांनी सलीम अलींचं आयुष्य बदललं. मिलार्डनी त्यांना पक्ष्यांची पुस्तकं वाचायला दिली. त्यात मुंबईच्या पक्ष्यांवर लिहिणाऱ्या ई. एच. एटकन यांचंही पुस्तक होतं. एटकन यांचा जन्म आपल्या साताऱ्याचा. शिवाय पक्ष्याचं कातडं कसं सोलायचं, कसं भरायचं आणि त्याला चिठ्ठी कशी बांधायची हेही सलीमला शिकवायची तयारी मिलार्डनी दाखवली.

इथंच एक गोष्ट समजून घ्यायला पाहिजे. त्या काळात पक्षी अभ्यासणं म्हणजे पक्षी मारणं. दुर्बिणी चांगल्या नव्हत्या, फोटो काढता येत नव्हते. शंका आली की गोळी घालायची, कातडं भरायचं, चोच आणि पंख मोजायचे आणि कपाटात ठेवायचं. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, म्हणजे काँग्रेसच्या स्थापनेत पुढं असलेले तेच ह्यूम, त्यांनी भारतभरातून हजारो पक्षी असे गोळा करून लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला दिले. त्या संग्रहाशिवाय भारतीय पक्ष्यांचं शास्त्र उभंच राहिलं नसतं.

पण कपाटातल्या पक्ष्याची एक अडचण होती. रंग राहायचा, आकार राहायचा, माप राहायचं. आवाज मात्र बंदुकीबरोबरच जायचा.

आवाज साठवायची सोयसुद्धा नव्हती. जगातलं पक्ष्याच्या गाण्याचं पहिलं ज्ञात रेकॉर्डिंग १८८९ सालचं आहे. जर्मनीत लुडविग कोख नावाच्या शाळकरी पोरानं मेणाच्या नळकांड्यावर ते केलं. गंमत म्हणजे पिंजऱ्यातला तो पक्षी आपल्याकडच्या जंगलात सापडणारा श्यामा होता. पण असलं यंत्र घेऊन रानात फिरणं तेव्हा कुणाला शक्य नव्हतं. रानात आवाज टिपायचा तर एकच साधन होतं, स्वतःचा कान आणि हातातली वही.

इकडं सलीमची शाळा काही धड चालत नव्हती. तेराव्या वर्षी डोकेदुखी मागं लागली आणि शाळा वरचेवर बुडायला लागली. हवापालट म्हणून सिंधला नातेवाइकांकडं पाठवलं. तिथून आल्यावर १९१३ साली ते कसेबसे मॅट्रिक पास झाले.

सेंट झेवियर्स कॉलेजात नाव घातलं, पण पहिलंच वर्ष जड गेलं. मग घरच्यांनी ब्रह्मदेशात तवॉयला पाठवलं. तिथं कुटुंबाचा वुल्फ्रामच्या खाणीचा आणि इमारती लाकडाचा धंदा होता. आजूबाजूला दाट जंगल. धंदा शिकायला गेलेला गडी जंगलातच रमला. धंद्याचं पुढं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

१९१७ मध्ये परत आल्यावर शिक्षण पुरं करायचं ठरलं. दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेब शिकायला ते जायला लागले. पण त्यांचा खरा ओढा झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांनी ओळखला. त्यांच्या आग्रहावरून सकाळी दावर्सचे वर्ग आणि मग झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र असं सुरू झालं. प्राणिशास्त्राचा अभ्यासक्रम त्यांनी पुरा केला, पण विद्यापीठाची पदवी काही हातात नव्हती. १९१८ च्या डिसेंबरात तेहमिना यांच्याशी लग्न झालं.

पुढं झुऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियामध्ये पक्षितज्ज्ञाची जागा निघाली. सलीम अलींना वाटलं, हीच ती नोकरी. पण रीतसर पदवी नाही म्हणून त्यांना ती मिळाली नाही.

१९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, त्यांना गाईड लेक्चरर म्हणून घेतलं. पगार महिना साडेतीनशे रुपये. काम काय, तर आलेल्या लोकांना काचेमागचे पेंढा भरलेले प्राणी-पक्षी समजावून सांगायचे. पगार बरा होता, पण दोन वर्षांत त्यांना कंटाळा आला.

१९२८ मध्ये अभ्यासासाठी रजा काढून ते जर्मनीला गेले. बर्लिनच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात एर्विन स्ट्रेसमान नावाचे मोठे पक्षिशास्त्रज्ञ होते. त्यांच्या हाताखाली सलीम अली शिकले. स्ट्रेसमान यांचं वेगळेपण असं की त्यांना नुसती कातडी मोजण्यात रस नव्हता. पक्षी जगतो कसा, जोडी कशी जमवतो, घरटं कसं बांधतो, हा सगळा पक्षिशास्त्राचाच भाग आहे असं ते मानायचे. सलीम अली त्यांना शेवटपर्यंत गुरू मानत राहिले.

नवं शास्त्र शिकून १९३० मध्ये सलीम अली मुंबईत उतरले आणि समजलं की आपली जागाच रद्द झाली आहे. संस्थेकडं पैसे नव्हते.

वय तेहतीस-चौतीस, लग्न झालेलं, हाताला काम नाही आणि ज्या विषयात तरबेज त्या विषयात देशात नोकरीच नाही. दुसरा कुणी असता तर हिशेबनीस झाला असता. शिकलेही होते तेच.

सलीम आणि तेहमिना यांनी काय केलं, तर मुंबईचा खर्च परवडेना म्हणून अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. समुद्राकाठचं छोटं गाव, नारळी-पोफळीच्या वाड्या. पावसाळा आला आणि घराजवळ सुगरण पक्ष्यांनी घरटी बांधायला घेतली.

सुगरणीचा खोपा आपल्याला नवा नाही. बहिणाबाई चौधरींच्या कवितेमुळं तो मराठी घराघरांत पोचला आहे. पण हा खोपा नक्की बांधतं कोण, नर की मादी? एका नराच्या किती माद्या? हे कुणी नीट बसून बघितलंच नव्हतं. कपाटातली कातडी याचं उत्तर देऊ शकत नव्हती.

सलीम अलींकडं वेळच वेळ होता. दिवसचे दिवस ते त्या घरट्यांसमोर बसून राहिले. बघायचं, ऐकायचं आणि लिहायचं.

मग जे कळलं ते असं. खोपा बांधतो तो नर. अर्धा खोपा झाला की तो थांबतो. माद्यांचा थवा आला की सगळे नर आपापल्या अर्धवट खोप्यांना लटकून पंख फडफडवतात आणि एकच कालवा करतात. मादी येते, आत शिरते, घर तपासते. पसंत पडलं तर राहते, नाही तर उडून जाते. घर पसंत पडलं की नर उरलेला खोपा आणि खालची नळी पुरी करतो. मादी अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या शेजारी दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी.

सुगरणीच्या या संसाराचा अभ्यास सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला आणि सलीम अलींचं नाव जगभरच्या अभ्यासकांना कळलं. नोकरी असती तर हे काम कदाचित झालंच नसतं.

पण एका निबंधावर पोट भरत नाही. तेव्हा त्यांनी एक वेगळीच योजना मांडली. देशातल्या संस्थानांत कुठले पक्षी आहेत याची नीट नोंद कुणाकडंच नव्हती. सलीम अलींनी सांगितलं की तंबू, बैलगाडी आणि माणसांचा खर्च तेवढा द्या, मेहनताना नको.

पहिलं काम हैदराबाद संस्थानाचं, १९३१-३२ मध्ये. तेव्हा आपला मराठवाडा या संस्थानातच होता. पुढं त्रावणकोर, कोचीन, इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर अशी यादी वाढत गेली. तेहमिना सोबत असायच्या. छावणीची सगळी व्यवस्था त्या बघायच्या. रानात महिनोन्‌महिने मुक्काम, पहाटे उठून पायपीट, रात्री कंदिलाच्या उजेडात नोंदी.

या काळात सलीम अलींनीही बंदूक वापरली, पक्षी मारले, कातडी भरली. शास्त्राला नमुने लागतात हे त्यांना मान्य होतं आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. पण त्यांचा जीव त्यात नव्हता. जिवंत पक्षी काय करतो, कुठं बसतो, काय खातो, कसा बोलतो, यात होता.

याबद्दल त्यांना बोलणीही खावी लागली. १९३७ साली ते कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहॅगन या नावाजलेल्या इंग्रज पक्षितज्ज्ञाबरोबर अफगाणिस्तानच्या मोहिमेवर गेले. कर्नलनं आपल्या डायरीत त्यांच्याबद्दल चिडून लिहून ठेवलं. पक्षी सोलण्यात आणि छावणीच्या कामांत हा माणूस कुचकामी आहे असं त्याचं मत होतं. पुढं अर्न्स्ट मायर यांच्यासारख्या जगप्रसिद्ध शास्त्रज्ञानंही तक्रार केली होती की सलीम अली पुरेसे नमुने गोळा करत नाहीत.

या कर्नलचं नाव लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

१९३९ मध्ये एका साध्या ऑपरेशननंतर तेहमिना गेल्या. लग्नाला एकवीस वर्षंही झाली नव्हती. सलीम अली मोडून पडले. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. वांद्र्याच्या पाली हिलवर बहिणीच्या घरी ते राहायला गेले आणि उरलेलं आयुष्य कामात घातलं.

दोनच वर्षांनी, १९४१ मध्ये, त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं. ते साध्या माणसासाठी होतं. पक्ष्याचा आकार मिलिमीटरमध्ये सांगण्याऐवजी चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, मैनेएवढा, कावळ्याएवढा असा सांगितलेला. तो दिसतो कसा, वागतो कसा, बोलतो कसा, हे चार ओळींत. हातात बंदूक नसलेल्या माणसाला पहिल्यांदाच पक्षी ओळखता यायला लागले. नेहरूंनी हे पुस्तक इंदिरा गांधींना भेट दिलं होतं. त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत गेल्या. जोडीला सलीम अली आकाशवाणीवरून पक्ष्यांवर बोलायचे.

आता आवाजावरून पक्षी ओळखायचा म्हणजे काय करायचं?

पहिली गोष्ट म्हणजे पक्ष्याचं गाणं वेगळं आणि हाक वेगळी. गाणं बहुतेक वेळा नर गातो, विणीच्या हंगामात. ही माझी हद्द आहे आणि मला जोडीदार पाहिजे, असे दोन निरोप त्यात असतात. हाक मात्र छोटी असते आणि वर्षभर चालते. धोका, अन्न, थव्याला एकत्र ठेवणं, अशी तिची कामं. म्हणून उन्हाळ्यात पहाटे तासभर गाणारा दयाळ थंडीत मुका झाल्यासारखा वाटतो.

दुसरी गोष्ट, एकाच पक्ष्याचे नर आणि मादी वेगळं बोलतात. कुहू कुहू करतो तो कोकीळ नर. ठिपक्यांची मादी किक-किक-किक असा भलताच आवाज काढते. नुसत्या आवाजावर जाणारा नवशिका हे दोन वेगळे पक्षी समजतो.

तिसरी गोष्ट, आवाजाला शब्दाचं रूप दिलं की तो लक्षात राहतो. पेरते व्हा हे त्याचंच उदाहरण. वडा-पिंपळाच्या शेंड्यावर बसून टुक टुक करणाऱ्या हिरव्या पक्ष्याला आपण तांबट म्हणतो, कारण तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा त्याचा आवाज येतो. टिटवीचं नावच तिच्या ओरडण्यातून आलं आहे. म्हणजे आपल्या भाषेनं हे काम कधीच करून ठेवलं होतं.

आणि चौथी गोष्ट म्हणजे फसायची तयारी ठेवायची. विदर्भाच्या जंगलातला भृंगराज इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो. अशा वेळी आवाजाचा माग काढत जाऊन पक्षी डोळ्यांनी बघितल्याशिवाय इलाज नसतो. एक आवाज, एक पक्षी, अशी एकेक जोडी पक्की करत जायची. दुसरा जवळचा रस्ता नाही.

सलीम अलींच्या सगळ्यात मोठ्या कामात याला हक्काची जागा मिळाली. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख डिलन रिप्ले यांच्यासोबत त्यांनी भारत आणि शेजारच्या देशांतल्या पक्ष्यांवर दहा खंडांचा ग्रंथ केला. पहिला खंड १९६८ चा, दहावा १९७४ चा. बाराशेच्या आसपास जाती. दहावा खंड आला तेव्हा सलीम अलींचं वय ७७ होतं. या ग्रंथात प्रत्येक पक्ष्याच्या नोंदीत आवाज असा स्वतंत्र मथळा आहे, आणि संग्रहालयातल्या नमुन्यावरून तो कसा ओळखायचा हा वेगळा मथळा आहे. मेलेला पक्षी आणि जिवंत पक्षी, दोघांना एकाच पानावर जागा.

पण काही पक्ष्यांच्या बाबतीत आवाजाबद्दल लिहिण्यासारखं कुणाकडंच काही नव्हतं. त्यातला एक पक्षी तर आपल्या महाराष्ट्राचा.

त्याचं नाव रानपिंगळा. ह्यूमनं १८७३ साली त्याचं पहिलं वर्णन केलं. १८८४ मध्ये जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्यानं खानदेशात त्याचे नमुने मिळवले. त्यानंतर एकच नोंद होती. १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळाल्याची चिठ्ठी बांधलेला एक नमुना, आणि तो मिळवणारा कोण, तर तोच कर्नल माइनर्ट्झहॅगन.

लोक त्या चिठ्ठीच्या भरवशावर शोधत राहिले. १९७० च्या दशकात रिप्ले यांनीही शोधून बघितलं. रानपिंगळा काही सापडला नाही. तो नामशेष झाला, असंच बहुतेकांनी धरून चाललं होतं.

१९९० च्या दशकात पॅमेला रासमुसेन या अमेरिकन संशोधक बाईंनी कर्नलचे नमुने तपासले आणि भांडं फुटलं. कर्नल दुसऱ्यांचे नमुने चोरून, त्यांना नव्यानं भरून, खोट्या चिठ्ठ्या बांधायचा. तो रानपिंगळाही डेव्हिडसनच्याच संग्रहातून उचललेला होता. सलीम अलींना नीट पक्षी सोलता येत नाही म्हणून नावं ठेवणारा माणूस स्वतः पक्षी चोरत होता.

गुजरातची नोंद बाद झाली आणि रासमुसेन यांनी जुन्या खऱ्या जागांवर शोध घेतला. नोव्हेंबर १९९७ मध्ये नंदुरबारमधल्या शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा दिवसाढवळ्या फांदीवर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. त्यानंतरच त्याचा आवाज नीट ऐकला गेला, नोंदवला गेला. साध्या पिंगळ्याच्या कर्कश कलकलाटापेक्षा तो वेगळा निघाला. पुढं याच आवाजाच्या आधारानं शोध घेता आला आणि अमरावतीच्या मेळघाटातही रानपिंगळे असल्याचं पक्कं झालं. शंभर वर्षांत कातडीनं जे दिलं नाही ते आवाजानं थोड्या वर्षांत दिलं.

सलीम अलींना हे बघायला मिळालं नाही. त्यांना १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळालं. भरतपूरचं पक्षी अभयारण्य वाचवण्यात आणि केरळच्या सायलेंट व्हॅलीचं जंगल धरणाखाली जाऊ न देण्यात त्यांच्या शब्दाला वजन होतं. स्वातंत्र्यानंतर पैशाअभावी बुडायला आलेली नॅचरल हिस्ट्री सोसायटी त्यांनी नेहरूंना पत्र लिहून सावरली. १९८५ मध्ये ते राज्यसभेवर गेले. २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदीत, कॅन्सरनं त्यांचं मुंबईत निधन झालं.

गोष्ट इथं संपली असती. पण २००९ साली अरुणाचल प्रदेशात काहीतरी वेगळंच घडलं.

स्वीडनचे पर आल्स्ट्रॉम आणि आपले शशांक दळवी हे दोन पक्षी अभ्यासक तिथल्या डोंगरांत फिरत होते. तिथं कस्तुर जातीचा एक तपकिरी पक्षी दिसतो. तो अनेक वर्षांपासून सगळ्यांना माहीत होता, पुस्तकांत होता, संग्रहालयांच्या कपाटांत होता. झाडं संपतात तिथल्या उघड्या खडकाळ भागात या पक्ष्याचं गाणं खरखरीत, बेसूर होतं. खालच्या सूचीपर्णी जंगलात मात्र तसाच दिसणारा पक्षी गोड, सुरेल गात होता.

एकच पक्षी अशी दोन गाणी गाईल का? दोघांच्या कानांनी नाही म्हणून सांगितलं.

मग काही वर्षं तपासणी चालली. वेगवेगळ्या देशांच्या संग्रहालयांतली जुनी कातडी बाहेर काढून पुन्हा मोजली, डीएनए तपासला. तेव्हा दिसलं की चोच, पाय, पंख, शेपूट यांत बारीक पण ठाम फरक आहे आणि हे दोघे लाखो वर्षांपूर्वीच वेगळे झालेले आहेत. इतकी वर्षं दोन वेगळे पक्षी एकाच नावाखाली कपाटात शेजारी शेजारी पडून होते आणि कुणाला पत्ता नव्हता, कारण कपाटात दोघेही गात नव्हते.

जानेवारी २०१६ मध्ये जंगलात गोड गाणाऱ्या त्या पक्ष्याला नवीन जात म्हणून जाहीर केलं गेलं. त्याला शास्त्रीय नाव दिलं झूथेरा सलीमअली.

स्वतंत्र भारतात पक्ष्याची नवी जात सापडणं ही फार दुर्मिळ गोष्ट आहे. इतक्या वर्षांत अशा मोजून तीन-चारच जाती सापडल्या. त्यातली ही एक, आणि तिच्यावर नाव लागलं ते डिग्री नाही म्हणून ज्याला दारातून परत पाठवलं होतं, त्या माणसाचं.

आज आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सांगणारी मर्लिनसारखी ॲप्स मोबाईलमध्ये आली आहेत. महाराष्ट्र सरकार दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह साजरा करतं. ५ नोव्हेंबर हा पक्ष्यांची गावोगावची नावं गोळा करून पक्षिकोश लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सलीम अलींचा.

पण कान तयार करायचा असेल तर नोव्हेंबरची वाट बघायची गरज नाही. मेच्या शेवटी रोहण्याच्या शिवारात जा किंवा तुमच्या स्वतःच्या गावच्या. पहाटे साडेपाचला उभं राहा, मोबाईल खिशात ठेवा. पेरते व्हा ऐकू आलं की त्या झाडाखाली जाऊन पानांत तो पक्षी शोधा. सापडला आणि शिकऱ्यासारखा दिसला तर घाबरू नका. तो पावशाच आहे.